गाईच्या कानाची खूण : प्रकल्प नोंदी, २०२४

१७ जानेवारी

सिंदेवाही तालुका. जंगलाला टेकलेलं गाव, मधून गोंदिया-बल्लारशा रेल्वेलाइन. गावाचं किंवा माणसाचं नाव या वहीत लिहिणार नाही. गाव त्याला 'ढोरकी', म्हणजे गुराखी, म्हणतं, मीही तेच लिहीन.

'रानात जनावरांनी वाढवलेला माणूस' अशी चित्रफीत गेल्या महिन्यात तिघांनी मला पाठवली. एक तरुण नाल्यावर पालथा होऊन पाणी पितो आणि मागून कितीही हाका मारल्या तरी वळत नाही. आज त्याच्या घरी गेले. घर आहे, माय आहे, आधार कार्ड आहे, राशन कार्डावर नाव आहे. नाल्याला तोंड लावून पाणी इथले सगळेच गुराखी पितात. वळत नाही, कारण ऐकू येत नाही.

"जनावरं कायले वाढवतीन जी? म्या वाढवला," माय म्हणाली. "कानच नाई त्याले. बाकी सारं समजते."

वय पंचविशीच्या आसपास. दोन वर्षं शाळेत मागच्या ओळीत बसला. मग बापाच्या मागं रानात. बाप गावाचा ढोरकी होता, २०२१ च्या मे महिन्यात कोरोनात गेला. तेव्हापासून गावाची साठेक ढोरं हा एकटा राखतो. सकाळी आखरावर ढोरं गोळा होतात, हा त्यांना घेऊन जातो, दिवस मावळताना आणतो. मधल्या नऊ-दहा तासांत समोर माणूस नाही. त्या अर्थानं चित्रफितीखालचं वाक्य अगदीच खोटं नाही, हे मला घरी परतताना जाणवलं आणि झोप लागली नाही.

त्याला सांकेतिक भाषा शिकवायच्या प्रकल्पाच्या अर्जात मी उद्दिष्ट लिहिलंय : 'दहा महिन्यांत दैनंदिन व्यवहारापुरते १०० संकेत.'

२१ जानेवारी

दिवसभर त्याच्यासोबत रानात. वहीतली आतापर्यंतची सगळ्यात लांब नोंद ही होणार.

वाघाचं रान आहे. ऐकू येणारा गुराखी चितळाच्या, वानराच्या ओरडण्यावर सावध होतो. ढोरकी काय करतो? तो ढोरांच्या कानांकडे बघतो. साठ ढोरांचे एकशेवीस कान. चरताना कान सैल हलत असतात, माश्या उडवत असतात. दुपारी दोनच्या सुमारास एका म्हाताऱ्या गाईचे दोन्ही कान एका दिशेला ताठ झाले, मग शेजारच्या दोघींचे. मला काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. तो तोवर उठून कळप बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) बाजूला वळवत होता. वळवून झाल्यावर माझ्याकडे बघितलं, स्वतःच्या मानेमागं पंजा दाबला आणि श्वास धरून थांबला. वाघ. वाघ ढोराला जिथं पकडतो ती जागा.

ही खूण त्याला कुणी शिकवली नाही. बापाला पटली म्हणून टिकली.

कळपाची मोजणी तो करत नाही. चेहऱ्यानं ओळखतो. परतताना एक कालवड मागं राहिली होती. आकडा माहीत नसताना ती नाही हे त्याला लगेच कळलं. रेल्वेही त्याला आमच्या आधी कळते. रुळापासून बऱ्याच अंतरावर अनवाणी उभा असतो, तळव्यातून कळते.

संध्याकाळी मायसोबत बसून दोघांच्या घरगुती खुणा लिहून काढल्या. एकतीस. भात, मीठ, आजार, बाजार, पाऊस, साप, 'तो दारुडा', वाघ. बापाची खूणही आहे : दोन्ही हात काठीच्या टोकावर, त्यावर हनुवटी. उभ्या उभ्या विसावलेला ढोरकी. ती करून दाखवताना माय थांबली आणि लुगड्याचा पदर सारखा केला.

एकतीस खुणांत एकही प्रश्न नाही. काल, उद्या नाही. जे समोर आहे किंवा नुकतं होतं, तेवढंच.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. तो ढोरं बांधून झाल्यावर जेवायच्या आधी फाट्यावर जातो. शेवटची एसटी येऊन जाईपर्यंत उभा राहतो, परत येतो. लोक म्हणतात सवय आहे.

६ फेब्रुवारी

बेरा चाचणी (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजणारी) झाली. दोन्ही कानांत अतितीव्र श्रवणदोष. त्यासाठी तीन खेटे पडले. एकदा डॉक्टर नव्हते, एकदा यंत्र बंद. तिसऱ्या वेळी टेबलावरचा माणूस मायला म्हणाला, 'इतकी वर्षं काय करत होता?' मायनं मान खाली घातली. मी उत्तर दिलं, पण ते तिथं द्यायला हवं होतं त्यापेक्षा हळू दिलं. श्रवणयंत्र लावून बघितलं. त्यानं ते काढून मायच्या हातावर ठेवलं. पंचविसाव्या वर्षी, आवाज म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या कानाला त्याचा उपयोग कमीच, हे मलाही माहीत होतं. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज भरला.

११ मार्च

पाच आठवडे चित्रांची कार्डं वापरली. आज बंद करते.

कार्ड दाखवलं की तो माझा संकेत हुबेहूब करतो. पाण्याचं चित्र, पाण्याचा संकेत. मी खूश होऊन टाळ्या वाजवते, तो हसतो. पण तहान लागली की उठून माठाकडे जातो. पाणी पिऊन झालं की माझ्याकडे बघून पाण्याचा संकेत करतो, जसा पाहुण्याला आवडतं म्हणून मान डोलवावी.

हे मी आधी वाचलेलं होतं आणि तरी ओळखायला पाच आठवडे लागले. फ्रान्सच्या आव्हेरों भागात १८०० च्या जानेवारीत रानातून आलेला बाराएक वर्षांचा मुलगा, व्हिक्टर. जाँ इतार नावाच्या तरुण डॉक्टरनं पॅरिसमध्ये त्याला शिकवायला घेतलं. दुधाला 'ले' म्हणायला शिकवलं. मुलगा म्हणायचा, पण दूध भांड्यात पडल्यावर, आनंदानं. दूध मिळावं म्हणून नाही. शब्द मागण्यासाठी नसेल तर तो शब्द झाला का, या विचारानं इतार निराश झाला. त्याच्या १८०१ आणि १८०६ च्या अहवालांत सगळं प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे. त्यातलीच दुसरी गोष्ट : व्हिक्टरच्या मागं पिस्तूल झाडलं तरी तो हलत नसे, पण कुणी अक्रोड फोडला की वळून बघे. त्याचे कान निकामी नव्हते. त्याच्या जगात ज्याला अर्थ होता तेच त्याला ऐकू येत होतं. माझ्या ढोरकीला गाईचा कान दिसतो आणि सफरचंदाचं कार्ड दिसत नाही, ते याच कारणानं. सफरचंद या घरात कधी आलं असेल, ते बहुधा बापाच्या आजारपणात.

पण मला खरी टोचते ती वेगळी गोष्ट. व्हिक्टरला ठेवलं होतं ते मूकबधिरांच्या संस्थेत. भोवती हातांनी घडाघडा बोलणारी मुलं होती. इतारनं त्याला तोंडानं बोलायला लावायचा ध्यास घेतला, ती हातांची भाषा दिली नाही. पोटच्या पोरासारखा सांभाळला तो मादाम गेराँनं, आणि १८२८ मध्ये तो वारला तेव्हाही तो जवळजवळ निःशब्दच होता. एका भिंतीपलीकडे भाषा होती.

मी तरी काय करतेय? ऐकू येणारी बाई, पुस्तकातून संकेत शिकलेली, एका माणसाला एकटं बसवून शब्द पाठ करून घेतेय. सांकेतिक भाषा ज्याची मातृभाषा आहे असं माणूस त्यानं आयुष्यात पाहिलेलं नाही.

२ एप्रिल

मोहाची फुलं पडायला लागलीत. पहाटे अंधारात अख्खं गाव टोपल्या घेऊन रानात. खाली वाकून फुलं वेचणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, याच दिवसांत हल्ले होतात. वनविभागाची गाडी भोंग्यावरून सांगत गेली, अमुक कक्षात जाऊ नका. ढोरकी भोंग्याकडे पाठ करून दावी सोडत होता. मी धावत जाऊन मानेमागं पंजा दाबला. त्यानं लगेच रानाकडे बघितलं. कुठं, हे सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. नुसतं 'वाघ'. कुठं, कधी, किती लांब, काही नाही.

नागपूरच्या कर्णबधिर सहकाऱ्याला आज रात्री व्हिडिओ कॉल केला. यायला तयार आहे.

१९ एप्रिल

मतदान. ड्युटीवर होते. नोंद नाही.

८ मे

गेल्या आठवड्यात सहकारी आला. जन्मतः कर्णबधिर, आईवडीलही कर्णबधिर, भारतीय सांकेतिक भाषा पाळण्यापासूनची. फाट्यावर एसटीतून उतरला तेव्हा ढोरकी तिथंच उभा होता, रोजच्यासारखा. सहकाऱ्यानं माझ्याशी हातांनी बोलायला सुरुवात केली आणि ढोरकीची मान आमच्या हातांसोबत हलायला लागली. चालता चालता तो सहकाऱ्याच्या पुढं उलटा चालत होता, हात दिसावेत म्हणून. दोन दगडांना अडखळला.

पहिले चार दिवस सहकाऱ्यानं काही शिकवलं नाही. नुसता रानात गेला, पानं खुडणाऱ्यांत बसला, बिडीचं पान मोजायला शिकला. तेंदूच्या हंगामात मजूर पुडके बांधतात त्या हातांची गती त्याला फार आवडली. रात्री मला म्हणाला (हातांनी) : 'तू त्याला शब्द दिलेस. कुणी कुणाशी बोलतंय हे त्याला दाखवलं नाहीस.'

त्यानं मग मायला बसवलं. मायला विचारायचं, गाई किती? मायनं उत्तर द्यायचं. मायनं त्याला विचारायचं, जेवलास? त्यानं उत्तर द्यायचं. ढोरकी बाजूला बसून बघायचा. त्याला कुणी काही विचारलं नाही. माय लाजायची, मग रंगात यायची. "सुनेले बोलावू का जी?" शेजारणीची सून आली, तिची दोन पोरं आली.

२६ मे

प्रश्न म्हणजे काय, हे किती अवघड आहे! सहकारी भुवया उंचावून, मान जराशी पुढं करून विचारतो. भारतीय सांकेतिक भाषेत 'कुठं', 'कोण' वाक्याच्या शेवटी येतात : बैल, तुझा, कुठं. अडीच आठवडे ढोरकी प्रश्न जसाच्या तसा परत करायचा, भुवयांसकट. उत्तर ही वेगळी चीज आहे हे लक्षात येत नव्हतं. आज मायनं विचारलं, कालवड कुठं? तो उठला, तिला हाताला धरून गोठ्यामागं घेऊन गेला आणि कालवड दाखवली. माय म्हणाली, "पायानं उत्तर देल्लन." मी तेच वाक्य वहीत लिहिलं, दुसरं काही लिहावंसं वाटलं नाही.

१४ जून

सहकारी दोन तारखेला नागपूरला गेला.

आज संध्याकाळी ढोरकी माझ्यासमोर आला. हनुवटीवर बोट टेकवलं. ती सहकाऱ्याची नावाची खूण, त्याच्या हनुवटीला खळी आहे. मग भुवया वर. मग, दोन क्षण विचार करून, 'कुठं'.

समोर नसलेल्या माणसाबद्दल, स्वतःहून, उत्तर हवं म्हणून. पाणी नाही, भात नाही, कार्डावरचं काहीच नाही.

मी सांगितलं : नागपूर. चार दिवस. येईल. 'चार दिवस' सांगायला चार वेळा झोपून उठून दाखवलं. तो रोज एक खडा उंबऱ्यावर ठेवणार आहे. आज पहिला ठेवला.

१८ जून

चार खडे झाले, एसटीतून सहकारी उतरला. ढोरकीनं खडे खिशातून काढून त्याला दाखवले. त्याच रात्री त्याला नावाची खूण मिळाली. कर्णबधिर माणसाला नाव कर्णबधिर समाज देतो, आम्ही ऐकणारे नाही. सहकाऱ्यानं कानाशी पंजा नेऊन तो हळूच एका दिशेला वळवला. गाईचा कान.

इथून पुढं वहीत 'ढोरकी' लिहिताना माझा हात अडतो. पण ही खूण लिहिता येत नाही.

२१ जुलै

भाताची रोवणी सुरू आहे. माय सकाळी सातपासून बांधीत चिखलात, संध्याकाळी कंबर धरून येते. मोठ्यांचा वर्ग बंद. लाडकी बहीणचा फॉर्म भरायला दोन दिवस रांगेत गेले तेही.

पण पोरं येतात. आखरावर सकाळी आठ-दहा पोरं हातवारे करत असतात, आणि आम्ही शिकवलं त्यापेक्षा वेगाने. त्यांनी आमचे संकेत झिजवून छोटे केलेत. 'ढोरं पाण्यावर ने' या तीन संकेतांचा आता मनगटाचा एकच झोका झालाय. मी सुधारायला गेले, सहकाऱ्यानं अडवलं. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात मानाग्वाच्या शाळेत १९७७ नंतर कर्णबधिर मुलं पहिल्यांदा एकत्र आली. शिक्षक ओठ वाचायला शिकवत राहिले आणि मुलांनी मैदानात, बसमध्ये आपली भाषा उभी केली. शिक्षकांनी शिकवलेली नव्हतीच ती. एकटं मूल घरगुती खुणांच्या पलीकडे जात नाही, चार मुलं जातात.

वाघासाठी पोरं मानेमागचा पंजाच वापरतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राच्या शब्दकोशात दहा हजार शब्द आहेत, त्यात वाघाचा संकेत वेगळा आहे. गावात हाच चालणार. सहकारी म्हणतो तोही आता नागपुरात हाच वापरतो.

पांढऱ्या पायाची गाय सापानं गेली. ढोरकीनंच खड्डा खणला, मीठ टाकलं.

३ सप्टेंबर

काल पोळा, आज तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघर बोजारा (खाऊ-पैसे) मागत हिंडली. दुपारी ढोरकीनं आढ्यावरून एक नंदी काढला. वितभर, सागाचा, एक शिंग मोडलेलं. बापानं त्याच्यासाठी कोरलेला. धूळ पुसून तो मायसमोर ठेवला. काठीच्या टोकावर दोन हात, त्यावर हनुवटी. भुवया वर. 'कुठं?'

सहकाऱ्याबद्दल विचारलं होतं तसंच. तो गेला, खडे ठेवले, तो आला. मग हा?

तेव्हा मला फाटा समजला. २०२१ च्या मे महिन्यात बापाला गाडीत घालून फाट्यावरून नेलं, ते याच्या डोळ्यांदेखत. परत काहीच आलं नाही. तेव्हा अंत्यसंस्कार शहरातच होत, देह घरी देत नसत. मायच्या बांगड्या फुटल्या ते त्यानं पाहिलं असेल, पण त्या दोन गोष्टी जोडून द्यायला कुणाजवळ भाषा होती? तीन वर्षं तो रोज एसटी बघत उभा राहिला, आणि आम्ही त्याला सवय म्हणालो. मीसुद्धा, याच वहीत.

माय माझ्याकडे वळली. "सांगा ना जी तुमी." सहकाऱ्यानं मान हलवली. तुम्ही सांगा.

तिनं सांगितलं. आधी पांढऱ्या पायाची गाय. पडली. नाकाशी हात, श्वास नाही. तू खड्डा खणला. तो मान हलवत होता. मग काठीवर हनुवटी. नाकाशी हात. श्वास नाही. खड्डा नाही, आग. दूर. येणार नाही.

तो बराच वेळ तिच्या हातांकडेच बघत राहिला, ते थांबले तरी. मग त्यानं एकच विचारलं. दोन बोटं डोळ्यांपासून पुढं, तिच्याकडे बोट, भुवया वर. तू पाहिलंस?

मायनं नाही म्हटलं. तिनंही नव्हतं पाहिलं. कुणी पाहू दिलं नव्हतं. तीन वर्षांत हे तिला कुणी विचारलंही नव्हतं.

दोघं बसले होते तिथं आम्ही थांबलो नाही. त्यामुळं पुढचं मला माहीत नाही आणि लिहायचंही नाही.

४ सप्टेंबर

आखरावर तो आला नाही. एका म्हाताऱ्यासोबत मोठ्या पोरांनी ढोरं नेली. कुणी त्याला बोलवायला गेलं नाही, हे गावाचं मला मनापासून आवडलं.

९ सप्टेंबर

परवापासून रानात जातोय. काठी बापाची घेतलीय, स्वतःची आढ्यावर ठेवलीय. तान्ह्या पोळ्यानंतर संध्याकाळी फाट्यावर गेला नव्हता. आज गेला, कारण सहकारी त्या एसटीनं येणार होता.

२३ सप्टेंबर

आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन. शाळेत छोटा कार्यक्रम. पाहुण्यांनी 'जंगलातला मुलगा माणसांत आला' असं भाषण केलं. नंतर मायनं त्यांना गाठून सांगितलं, "तो कुठीच गेल्ता नाई जी, आमीच नोयतो." कुणी लिहून घेतलं नाही, म्हणून इथं लिहिते.

२४ नोव्हेंबर

अंतिम अहवालाचा फॉर्म आलाय. 'साध्य संकेतसंख्या' असा रकाना आहे. दोनशेच्या वर भरतील. त्यातले किती आम्ही दिले, किती पोरांनी, किती त्यानंच, हे वेगळं काढता येत नाही. प्रमाणपत्र मिळालं. काल गालावरून आणलेल्या हातवाऱ्यांनी त्यानं मला हवामान सांगितलं आणि मला कळलं नाही, पोरांनी उलगडून दिलं. थंडी पडेल, धुकं असेल, बोडीकडे जाऊ नका. 'उद्या' होता त्यात.

आज वही आवरत होते तर शेजारी येऊन बसला. काठीवर हनुवटी, माझ्याकडे बोट, भुवया वर. तुझा बाप कुठं?

मी सांगितलं : वर्ध्याला, घरी. म्हातारा आहे. मग कानाकडे बोट नेऊन 'कमी' असं दाखवलं. वडिलांना दोन वर्षांपासून नीट ऐकू येत नाही, आणि मी फोनवर ओरडते.

त्यानं विचार केला. मग उठून माझ्या मागं गेला, पाठीवर थाप मारल्यासारखं केलं आणि जोरात मान हलवली : नाही. मग वळसा घालून समोर आला, गुडघ्यांवर बसला, माझ्या डोळ्यांच्या रेषेत, आणि तिथून हात उचलले.